पहिलं कलम

जे. पी. नगर, बेंगळूर
१६ नोव्हेंबर २०२५

महानंदाअक्का,

वर 'श्री' घातलेला नाही, त्यावरून हे कसलं पत्र आहे ते तुला कळेल. तुमच्याकडच्या रेडिओवर तू सगळं ऐकलं असणार. तरी घरातला मृत्यू घरच्यानेच कळवायचा असतो, म्हणून लिहितो.

सोमवारी, तीन तारखेला, सकाळी नऊ वाजून दहा मिनिटांनी यशवंतपूर स्टेशनवर आमच्या अध्यक्ष पद्मावतम्मा यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या. चारच दिवसांनी कृष्णेच्या पुलावर त्या आणि तुमचे अध्यक्ष तहावर सह्या करणार होते. त्याआधी नदीकाठच्या गावांना तह समजावून सांगायला त्या खास गाडीने निघाल्या होत्या. त्या जागीच गेल्या. शेजारी त्यांची दुभाषी उभी होती, ती हॉस्पिटलच्या वाटेवर गेली. ती आपली सुखदा.

गोळ्या झाडणारा रोशन. रक्षकांनी त्याला तिथेच मारलं.

काल सुखदाचा तेरावा झाला. तिच्या ऑफिसची माणसं आली होती. बोम्मसंद्र्याहून माझ्या कारखान्यातली दहाबारा जण आली. आपल्या लोकांपैकी फार कुणी आलं नाही. लढाईत सात वर्षं इथले मराठी लोक बसमध्येसुद्धा आपसात हळू बोलत. आता पुन्हा तसंच सुरू झालं आहे. मी कुणाला दोष देत नाही.

अकरा वर्षांनी तुला लिहितो आहे. लढाईत टपाल बंद होतं हे खरं, पण त्याआधी तीन वर्षं ते चालू होतं, आणि शस्त्रं खाली ठेवूनही आता पावणेदोन वर्षं झाली. तेव्हा टपालाचं नाव पुढे करत नाही.

रोशन तीन आठवडे आमच्याकडे राहिला. गॅरेजसाठी ट्रॅक्टरचे सुटे भाग बघायला येतो असं त्याने कळवलं होतं. परवान्याला इकडचा जामीन लागतो, तो मी राहिलो. त्या दिवशी स्टेशनात शिरायला त्याच्याजवळ पास होता. सुखदाने घरच्यांसाठी एक पास आणला होता. तो आमच्या कपाटात होता. त्याने तो तिथून घेतला असावा. पोलिसांनाही मी तसंच सांगितलं आहे.

आता कामाचं. रोशन इथल्या सरकारी शवागारात आहे. तीन डिसेंबरपर्यंत कुणी मागितलं नाही तर बेवारस म्हणून त्याची व्यवस्था लावतील. मी त्याला मागणार आहे आणि पुलावर तुझ्या हवाली करणार आहे. पण तुमच्या सरकारनेही हा आमचा माणूस नव्हे असं जाहीर केलं आहे. म्हणून पलीकडून तू मागितलं पाहिजेस. मंगळवारी पुलावरची कचेरी उघडते, तिथे लेखी दे. आई म्हणून दे.

तहाचं पहिलं कलम सुखदाने मराठीत केलं होतं. ते मला पाठ आहे. 'दोन्ही बाजू एकमेकांचे मृत परत देतील, आणि मृताने जिवंतपणी काय केलं हे विचारणार नाहीत.'

मला काय वाटतं ते विचारू नकोस. कचेरीत जा.

नागनाथ


२० नोव्हेंबर

अक्का,

मागचं पत्र तुला पोचलं की नाही कळायला मार्ग नाही. दोन्हीकडचे लोक उघडून वाचतात, मग पुढे पाठवतात. वाचू देत.

संध्याला मी सोळा तारखेचं पत्र टाकून आल्यावर सांगितलं. ती कणीक मळत होती. हात न थांबवता म्हणाली, "कुणाला मागणार आहात?"

"रोशनला."

"त्याला या घरातून पाणी मिळणार नाही. जिवंतपणी बारा वेळा चहा करून दिला मी त्याला."

"घरी आणत नाही. पुलावर नेणार."

"कसे नेणार? सुखदाच्या गाडीतून नेलात तर मी घरात राहणार नाही."

"नाही नेणार."

तेव्हापासून ती माझ्याशी बोललेली नाही. जेवायला वाढते. माझी कशालाच हरकत नाही.

मंगळवारी सकाळी दोन गृहस्थ आले. बरोबर फोटोग्राफर. रविवारी मैदानावर मोठी सभा आहे, तह फाडून टाका म्हणून. मी व्यासपीठावर बसावं असं त्यांचं म्हणणं होतं. "तुम्ही काही बोलू नका सर," त्यातला एक म्हणाला. "फक्त बसा. मुलीचा फोटो आम्ही मोठा करून आणतो." मी म्हटलं, फोटो आमच्याकडे आहे. तो म्हणाला, "सर, तुम्हाला राग येत नाही का?" मी त्याला चहा दिला. फोटोसाठी आणलेली माळ ते इथेच ठेवून गेले. संध्याने ती उचलून कुंडीत टाकली.

दुपारी मृतांच्या कचेरीत गेलो. लढाईत हरवलेल्यांची आणि मेलेल्यांची नोंद तिथे होते. तिथल्या मुख्य बाई प्रेमा म्हणून आहेत. पन्नाशीच्या. सुखदा त्यांच्याकडे जाऊन येऊन असे. मी नाव सांगितलं तशा उठून उभ्या राहिल्या. मी काम सांगितलं तशा बसल्या.

"तहावर सही झालेली नाही," त्या म्हणाल्या. त्या कन्नडमध्ये बोलतात, मी मराठीत लिहितो. "सही नाही म्हणजे पहिलं कलमही नाही. नवे अध्यक्षसाहेब तर म्हणतात, पलीकडच्यांनी आधी माफी मागावी, मग तहाचं बघू."

मी विचारलं, "सही नसताना एक माणूस परत द्यायला कायद्याची मनाई आहे का?"

त्या म्हणाल्या, "असं आजवर कुणी विचारलंच नाही."

"मग मी विचारतो."

"तुम्ही उद्या या."

काल गेलो. आज गेलो. उद्याही जाणार. बाकावर बसतो, डबा खातो, पाच वाजता उठतो. शिपाई आता मला पाणी आणून देतो.

बसल्या बसल्या जुनं आठवतं. तू आली होतीस तो दिवस. आपल्याकडे आत्याच्या मुलाचा मामाच्या मुलीवर हक्क असतो, आणि तू तो रीतीने मागायला आली होतीस. खण, नारळ, सगळं घेऊन. सुखदा एकोणीसची होती, कॉलेजात. नको म्हणायचं तर मला साधं नको म्हणता आलं असतं. मी चार माणसांत म्हणालो, "एवढी शिकवलेली मुलगी ट्रॅक्टरखाली झोपणाऱ्याला द्यायची?" रोशन दारातच उभा होता. तू ताटावरून उठलीस. नंतर सुखदाच मला म्हणाली, "बाबा, नकार माझा होता. अपमान तुमचा होता. माझ्या नावावर का खपवलात?"

हे तुला माहीत आहे. मी कधी कबूल केलं नव्हतं, म्हणून लिहिलं.

अक्का, तू लेखी दिलंस का? तेरा दिवस उरले.

नागनाथ


२५ नोव्हेंबर

अक्का,

हे पत्र पोलीस वाचतील. वाचावं म्हणूनच लिहितो.

पास त्याने कपाटातून घेतला नाही. मी दिला.

दोन तारखेला, रविवारी संध्याकाळी, आम्ही चौघं जेवायला बसलो होतो. रोशन मोकळा बोलत होता. म्हणाला, "मामा, तुमच्या बेंगळुरात इडलीच्या दुकानातसुद्धा माझा परवाना मागतात." सुखदा म्हणाली, "रोशनदादा, तू चटणी चौथ्यांदा मागितलीस म्हणून मागितला असेल." संध्या हसली. मीही हसलो. मला वाटलं, झालं. अकरा वर्षांची गाठ एवढ्या सहज सुटली.

मग त्याने तहाचं विचारलं. सुखदाने तिची मराठी प्रत आणली आणि वाचून दाखवली. दुसऱ्या कलमावर त्याने तिला थांबवलं. लढाईत झालेल्या कृत्यांबद्दल कुणावरही खटला चालणार नाही, हे ते कलम.

"मग बाळचं काय?" तो म्हणाला.

तुझा धाकटा बाळ बाजारात उभा असताना आमच्या बाजूच्या तोफेचा गोळा पडला, हे मला त्याच्याकडूनच सविस्तर कळलं होतं. कुणी तोफ डागली त्याचं नावही त्याने शोधून काढलं होतं. तो अधिकारी आता मोठ्या पदावर आहे.

सुखदा म्हणाली, "मी हे लिहिलेलं नाही दादा. मी फक्त इकडचं तिकडे सांगते."

"पण तुला पटतं का?"

तिने प्रत मिटून ठेवली. मग म्हणाली, "नाही पटत. पण पहिलं कलम दुसऱ्याशिवाय मिळत नाही. पद्मावतम्मांनी फार प्रयत्न केला."

त्याने विषय सोडला. ताकभात खाल्ला. मला तिथेच काही कळायला हवं होतं. तीस वर्षं मी पार्ट तपासतो. केसाएवढी चीर मला बोटाने कळते. समोर बसलेला माणूस कळला नाही.

पास माझ्यासाठी होता. सोमवारी माझी पहिली पाळी होती आणि ऑडिट असल्यामुळे रजा मिळाली नाही. जेवण झाल्यावर मी तो रोशनच्या हातात ठेवला. म्हणालो, "तू जा. मामाच्या जागी उभा राहा. पाच नंबर प्लॅटफॉर्म, नऊ वाजता. ती अम्मांच्या डाव्या हाताला अर्धं पाऊल मागे असते, तिथून नीट दिसेल. आपलं कुणी असलं की तिला बरं वाटेल." आणखी म्हणालो, "मागे मी तुला जे बोललो ते विसर."

त्याने पास घेतला. माझ्या पाया पडला.

पिस्तूल कुठून आलं मला माहीत नाही. पास मिळाला नसता तर त्याने दुसरी वाट शोधली असती की सुटे भाग घेऊन घरी आला असता, तेही माहीत नाही. हा विचार मी रोज करतो आणि तो कुठेच पोचत नाही. पोलिसांनी विचारलं तेव्हा मी खोटं बोललो. माझं काय होईल या भीतीने नाही. संध्याला कळेल म्हणून.

काल प्रेमाबाईंनी शेवटी अर्ज पुढे केला. त्यात एक प्रश्न आहे: मृताच्या कृत्याला अर्जदाराकडून कोणतीही मदत झाली होती का? मी 'होय' लिहिलं आणि खाली पासचं सगळं लिहिलं. त्यांनी वाचलं. दार लावून घेतलं.

"हे का लिहिलंत? ती जागा कोरी ठेवली असती तरी मी पुढे पाठवला असता."

"मी इन्स्पेक्शनला आहे मॅडम. कोरी जागा आम्ही पास करत नाही."

"तुम्हाला अटक होईल."

"होऊ दे. फक्त तीन तारखेनंतर होऊ दे. आधी याला पोचवतो."

"आणि हे वाचून साहेबांनी अर्जच फेटाळला तर?"

मी म्हटलं, "मग परत अर्ज करीन."

त्यांनी अर्ज फायलीत घातला. मग म्हणाल्या, तुम्हाला एक सांगायला हवं. स्टेशनवरचं रेकॉर्डिंग त्यांनी पाहिलं आणि ऐकलं आहे. मी कधी मागितलं नव्हतं.

तेच तुला कळवायचं आहे. रोशनने आधी गोळी झाडली नाही. तो गर्दीतून पुढे आला आणि ओरडला, "बाळचं काय?" मराठीत. भोवतालच्या कुणाला कळलं नाही. रक्षक पुढे झाले तेव्हा पद्मावतम्मांनी हात वर करून त्यांना थांबवलं. कुणी मराठीत काही विचारलं की सुखदा अर्धं पाऊल पुढे होऊन त्यांच्या कानाशी वाकायची. ते तिचं कामच. ती तशी पुढे झाली, वाकली आणि कन्नडमध्ये म्हणाली, "अम्मा, याचा भाऊ बाजारात तोफेच्या गोळ्याने गेला. तो विचारतो आहे, त्याचं काय?" एवढं पूर्ण वाक्य ऐकू येतं. पद्मावतम्मा त्याच्याकडे वळल्या होत्या. उत्तर द्यायला, असं प्रेमाबाईंना वाटतं. तेवढ्यात त्याने झाडल्या.

अक्का, त्याने तिला मारायचं ठरवलं नव्हतं. ती त्याचा प्रश्न पोचवायला पुढे झाली म्हणून मधे आली. याने काही कमी होत नाही. पण तू आई आहेस, तुला हे कळायला हवं. तुझ्या बाळचं कुणी ऐकलं नाही असं म्हणू नकोस. शेवटी ऐकलं गेलं.

घरी येऊन मी संध्याला सगळं सांगितलं. पासचंही. तिने मला एकच विचारलं, "तो तुमच्या पाया पडल्यावर तुम्ही काय म्हणालात?"

मी म्हणालो होतो, "सुखी राहा."

ती आतल्या खोलीत गेली.

लेखी दे, अक्का. आठ दिवस आहेत.

नागनाथ


३० नोव्हेंबर

अक्का,

तुझं कार्ड काल मिळालं. एकच शब्द. 'मागितलं.' खाली तारीख, अठरा नोव्हेंबर. म्हणजे माझं पहिलं पत्र पोचलं असो वा नसो, कचेरी उघडली त्याच मंगळवारी तू गेली होतीस. आणि मी इथे रोज तुला घाई करत बसलो.

अर्ज मंजूर झाला आहे. प्रेमाबाईंनी सांगितलं ते असं. साहेबांनी तो दोनदा वाचला आणि म्हणाले, "हा माणूस खुळा आहे का?" त्या म्हणाल्या, "नाही सर. इन्स्पेक्टर आहे." मग साहेब म्हणाले, मुलीचा बाप मागतो आहे, त्याला मी कुठल्या तोंडाने नाही म्हणू? पण सरकारचा यात काही संबंध नाही. गाडी त्याची, जबाबदारी त्याची. पलीकडच्यांनी घेतलं नाही तर त्यानेच परत आणायचं.

आठ डिसेंबरला मला चौकशी आयोगापुढे जबानी द्यायची आहे. त्यानंतरचं आयोग ठरवेल. तोवर प्रेमाबाई माझ्यासाठी हमी राहिल्या आहेत. मी त्यांना म्हटलं, हमीचा आमच्या घरचा अनुभव चांगला नाही. त्या हसल्या नाहीत. मला वाटतं हसायला हवं होतं.

गाडीची अडचण होती. तीन शववाहिन्यांना विचारलं. नाव सांगितलं की फोन ठेवतात. शेवटी देवाप्पा आला. तो माझ्याबरोबर कारखान्यात होता, आता यशवंतपूरच्या बाजारातून भाजी उचलतो. त्याचा पुतण्या लढाईत पलीकडे गेला आणि परत आला नाही, जिवंत नाही की मेलेला नाही. मी त्याला म्हटलं, तुझ्या टेंपोवर लोक दगड मारतील. तो त्याच्या कन्नड मिसळलेल्या मोडक्या मराठीत म्हणाला, "सरी, मारू दे. काच विम्यात हाय. पण स्वल्प कांद्याचा वास येतंय, चालतंय का तुमच्या भाच्याला?"

मी म्हटलं, चालेल.

हे पत्र टपालाने नाही, प्रेमाबाई पुलावरच्या कचेरीमार्फत आजच तुझ्याकडे पोचवणार आहेत. मंगळवारी, दोन तारखेला, सकाळी अकराला पुलावर असू. नियम नीट वाच. पुलाच्या मध्यावर पांढरी रेघ आहे. आम्ही रेघेपर्यंत. तिथून पुढे तुमच्याकडच्यांनी न्यायचं. रेघेवर खांदेकरी बदलायचे, पेटी खाली टेकवायची नाही. म्हणून तुझ्याबरोबर चार माणसं पाहिजेत. गावातले पुरुष येणार नाहीत असं होऊ शकतं. आजपासून विचारायला लाग. पोलीसपाटलापाशी अडू नकोस. बर्फ लावलेली पेटी आहे, जड आहे. सरपण आधीच घाटावर ठेव, त्या दिवशी कुणी विकणार नाही.

एवढंच.

नागनाथ


६ डिसेंबर

अक्का,

पुलावर आपल्याला बोलता आलं नाही. दोन्हीकडचे शिपाई घड्याळ बघत होते. म्हणून आता लिहितो. परवा आयोगापुढेही हेच सांगणार आहे, आणि तू ते आधी वाचावंस असं वाटतं.

पहाटे निघालो तेव्हा संध्या दारात आली नाही. वाटेत दोन ठिकाणी अडवलं. एका ठिकाणी खरंच दगड आला. देवाप्पाने गाडी थांबवून खाली उतरून विचारलं, "कुणाचं मेलंय रे तुमच्यात? माझं मेलंय, ह्यांचं मेलंय. तुमचं कोण?" कुणी पुढे आलं नाही. गाडी सुटली.

इथल्या आपल्या मराठी लोकांपैकी दोघं खांद्याला आले. मला वाटलं होतं एकही येणार नाही. मी, देवाप्पा आणि ते दोघं. उजवा पुढचा खांदा माझा. मामाचा असतो तो.

पुलावर वारा फार होता. अर्ध्यावर आलो तेव्हा तू दिसलीस. तुझ्यामागे तुझी शेजारीण भागुबाई आणि दोन सुना, तिच्याच असाव्यात. पुरुष एकही नाही. माझ्या मनात आलं, आता पेटी खाली ठेवावी लागणार आणि तुमचा शिपाई म्हणणार, परत न्या. त्याने तसं तोंड उघडलंही. "बायका खांदा देत नाहीत," तो म्हणाला.

तू म्हणालीस, "कुणी सांगितलं तुला? तुझ्या आईला विचारून ये. तोवर आम्ही नेतो."

मग तू माझ्यापाशी आलीस. अकरा वर्षांनी. केस सगळे पांढरे झालेत तुझे. माझ्याकडे बघितलं नाहीस, पेटीकडे बघितलंस आणि म्हणालीस, "नागू, सोड. आता माझ्याकडे दे." मी खांदा काढला आणि तू लावलास. एका क्षणी आपण दोघंही त्याच्याखाली होतो. मला तेवढं पुष्कळ आहे.

जाताना तू मागे न बघता म्हणालीस, "पोरीचं सगळं नीट केलंस ना?" मी हो म्हटलं. तुला ऐकू गेलं की नाही माहीत नाही. नीट केलं, अक्का.

तुम्ही उतरून जाईपर्यंत मी रेघेवर उभा राहिलो. तुमच्या शिपायाने मला हटवलं नाही.

आता पुढचं. त्या दिवशी दुपारी आमच्या बाजूच्या कचेरीत सात जण अर्ज मागायला आले. देवाप्पा त्यातला पहिला. काल प्रेमाबाईंचा फोन होता. दोन्ही बाजू मिळून दोनशे अकरा अर्ज आले आहेत. शवागारांच्या याद्या काढायला त्यांच्याकडे माणसं कमी पडत आहेत. त्या म्हणाल्या, "साहेबांना आता तह लांबवता येत नाही. लोक सहीआधीच तो पाळायला लागले." एकोणीसला पुलावर सह्या आहेत. साहेब स्वतः जाणार. एकवीसपासून घरच्या माणसांना पलीकडे जाता येईल.

दुसऱ्या कलमात बदल नाही. बाळचं उत्तर त्यात मिळणार नाही. मी आयोगापुढे त्या अधिकाऱ्याचं नाव घेणार आहे. खटला होणार नाही हे मला ठाऊक आहे. पण रोशन काय विचारत होता ते कागदावर नीट लिहिलं गेलं पाहिजे, आणि ते पिस्तुलाशिवाय लिहिलं गेलं पाहिजे. पासचंही सांगणार. वकील म्हणतो, पासबद्दल गप्प राहा. त्याला मी नको म्हणून कळवलं आहे.

मला ठेवून घेतील असा अंदाज आहे. किती दिवस, कुणी सांगत नाही. सामान भरून ठेवलं आहे.

एक राहिलं. माहेरच्यांनी साडी नेऊन नेसवल्याशिवाय तुझा दुखवटा निघत नाही, आणि माहेर म्हणून तुला मी एकटाच आहे. एकवीसला मी कुठे असेन सांगता येत नाही. हे माझ्या डोक्यात होतं, पण घरात बोलायची माझी हिंमत नव्हती.

काल संध्या बाजारातून आली आणि पिशवी टेबलावर ठेवून आत गेली. पिशवीत साडी होती. राखाडी, बारीक काठाची. मी ती हातात धरून तसाच उभा राहिलो. आतून ती म्हणाली, "माझ्या मुलीला मारणाऱ्यासाठी नाही आणलेली. नणंदेची आहे. तुम्ही आत असलात तर मी घेऊन जाईन."

मी म्हटलं, "तुला जमेल का?"

"नाही जमणार," ती म्हणाली. "तरी जाईन."

तेव्हा एकवीसला दुपारपर्यंत वाट बघ. मी नसलो तर ती एकटी येईल. तिला रस्ता माहीत नाही, पुलाच्या टोकाशी घ्यायला ये. ती बोलली नाही तर बोलायला लावू नकोस. तिला आधी जेवायला वाढ.

तुझा,
नागू